नवऱ्यासाठी आणलेलं गेज

वेंगुर्ल्याच्या बाजूला एका गावात भिवाशेट धुरी नावाचा काजूवाला राहत होता. काजूच्या बिया वाफेवर उकडायला त्याने कारखान्यात छोटा बॉयलर बसवला होता. माणूस लाखात एक, पण भित्रा म्हणजे किती भित्रा! बॉयलरवरच्या, वाफेचा दाब दाखवणाऱ्या प्रेशर गेजचा काटा तबकडीच्या मध्यावर आला की हा बॉयलरकडे धावलाच. जेवता जेवता ताटावरून उठायचा. रोजचं काम मध्यावरच चालतं हे त्याला पाठ होतं, पण पाठ असून उपयोग काय?

त्याची बायको इंदुमती हे बघून हळहळायची. एकदा गेजची काच फुटली आणि नवं आणायला ती कुडाळला गेली. दुकानदाराने जुनं पाहून तसंच पुढे ठेवलं. रोजच्या कामाला काटा मध्याच्या आसपास राहील असंच गेज घ्यावं, म्हणजे चढउतार डोळ्याला दिसतो, असं त्याने समजावलंही. पण इंदुमतीची नजर शेजारच्या गेजवर गेली. त्याचे आकडे कितीतरी पुढपर्यंत जात होते. म्हणजे तेवढ्याच वाफेला काटा अगदी खाली राहणार. तिने तेच घेतलं आणि घरी सांगितलं, जुन्यासारखंच आहे.

आणि काय सांगू, भिवाशेटला सोन्याचे दिवस आले. तो आकडे कधी वाचतच नसे. लांबून घड्याळ बघावं तसा नुसती काट्याची जागा बघायचा. काटा खाली, म्हणून स्वारी खुशीत. पोटभर जेवू लागला, गुणगुणू लागला. इंदुमतीला धन्य वाटलं. वेडी माया, दुसरं काय!

ऐन हंगामात एका दुपारी बियांचा ढीग लागला. काटा खालीच दिसतोय म्हणून भिवाशेट भट्टीत टरफलं टाकत राहिला. जादा वाफ आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह खाऱ्या हवेने गंजून बसला होता, तो उघडलाच नाही. पाइप थडथडू लागला. शेडमध्ये बिया फोडणाऱ्या बायकांत बसलेली इंदुमती तो आवाज ऐकून धावत आली. भिवाशेटने हसून काट्याकडे बोट दाखवलं आणि तिलाच धीर दिला.

खरं सांगावं तर चारचौघींत लबाडी उघडी पडणार. गप्प राहावं तर नवरा भट्टीच्या तोंडाशी उभा. इंदुमतीने क्षणभरही विचार केला नाही.

"काटो बघू नकात, आकडो वाचा. गेज येगळा आसा. मी तुमका फसवलंय."

भिवाशेटने आकडा वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने बायकांना बाहेर पिटाळलं, आग ओढून काढली, वाफेची तोटी हाताने उघडली. भस्सकन वाफ बाहेर पडली. पाइप हळूहळू शांत झाला. देवाच्या कृपेने कोणाला ओरखडाही आला नाही.

संध्याकाळपर्यंत तो बायकोकडे पाठ करून गंजलेला व्हॉल्व्ह खरवडत बसला. तिचे डोळे रडून सुजले, तेव्हा मात्र त्याला राहवेना.

"अगो, माका घाबरव, चालात," तो म्हणाला. "पण फसवू नको."

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून कुडाळला गेली आणि योग्य मापाचं गेज आणि नवा व्हॉल्व्ह घेऊन आली. काटा पुन्हा मध्यावर चढू लागला, भिवाशेट पुन्हा ताटावरून उठू लागला. फरक इतकाच, की आता इंदुमती त्याचं ताट बॉयलरपाशी घेऊन यायची आणि त्याचं जेवण होईपर्यंत आकडा स्वतः वाचून सांगायची.

तात्पर्य: आपल्या माणसाची भीती खोट्याने झाकू नये, खरं दाखवावं आणि त्याच्या सोबतीला बसावं.