निळी कवटी

एकदा एका वयोवृद्ध अभ्यासकाकडे एक तरुण शिष्या जीवाश्मांचे, म्हणजे दगड झालेल्या हाडांचे, शास्त्र शिकत होती. गुरू फार कमी बोलत. शिष्येला मात्र धीर नव्हता. जगाला काही नवे सांगायचे आणि तेही लवकर, अशी तिची ओढ होती. या ओढीत वाईट काही नव्हते.

त्यांच्या संग्रहालयात दक्षिण अमेरिकेतून आलेली केमनची एक कवटी होती. केमन हा मगरीचा दूरचा नातलग. आजही तो तिकडच्या नद्यांत राहतो. त्याच्या काही जातींत दोन डोळ्यांच्या पुढे हाडाचा आडवा कंगोरा असतो, चष्म्याच्या काचा जोडणाऱ्या दांडीसारखा. म्हणून त्यांना चष्मेवाले केमन म्हणतात. संग्रहालयातली कवटी कोट्यवधी वर्षांपूर्वीची होती आणि तिच्यावरही तसाच कंगोरा होता.

शिष्येने कवटीचे हाड न् हाड मोजले, हाडांमधल्या शिवणी, म्हणजे जोडरेषा, रेखाटल्या, इतर केमनांशी त्या ताडून पाहिल्या. तिचा निष्कर्ष ठरला: चष्मेवाल्या केमनांच्या शाखेतला हा सर्वांत जुना प्राणी. जात नवी, आणि तिला नाव देण्याचा मान शिष्येचा. दुसऱ्या दिवशी सभा भरणार होती. तिच्या आयुष्यातला हा पहिला शोध होता.

ज्या व्यापाऱ्याच्या आजोबांनी ही कवटी बोटीतून आणली होती, तो त्या दुपारी मुद्दाम बघायला आला.

"हे धूड घरी आलं ना, तेव्हा आजीनं सरळ सांगितलं," तो हसत म्हणाला, "या घरात एक तर ही सुसर राहील, नाहीतर मी! आणि आज बघा. चष्मेवाल्यांचा मूळपुरुष निघाला!"

"मूळपुरुष सहसा कुणाला सापडत नाहीत, शेठजी," गुरू म्हणाले. "सापडतात ते भाऊबंद. कुणी सख्खे, कुणी चुलत."

"बरं, भाऊबंद म्हणा. पण मोठ्या घरातले म्हणा बुवा!"

व्यापारी गेला. गुरूंनी भिंग घेतले आणि ते बराच वेळ कवटीवर वाकून राहिले. मग उठले, तक्ते रंगवण्याच्या साहित्याच्या कपाटातून निळा रंग आणि कुंचला काढला, आणि कवटी रंगवू लागले.

शिष्या धावत आली. "सर! अहो, काय करताय हे? उद्या सभा आहे!"

"पाण्यानं निघतो हा रंग."

"पण का?"

गुरूंचा कुंचला चालूच राहिला. जबड्याचे टोक निळे झाले. गालाजवळचा एक तुकडा निळा झाला. मग कुंचला डोळ्यांच्या दिशेने वळला तेव्हा तिने त्यांचा हात धरला.

"तो कंगोरा आहे, सर. माझा कंगोरा."

"तुझा आहे की नाही ते नंतर पाहू. केमनचा नाही एवढं नक्की." त्यांनी भिंग पुढे केले. "बघ."

तिने पाहिले. कंगोऱ्याच्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके होती. ओले प्लास्टर वाळताना आतली हवा अडकून राहते, तिचे ते बुडबुडे. शेजारच्या हाडात ते कुठेही नव्हते.

ती स्टुलावर बसली. "म्हणजे कुणीतरी फसवलं आपल्याला."

"फसवलं नाही गं." गुरू तिच्यासमोर बसले. "तुटलेली कवटी उभी राहावी म्हणून मोकळ्या जागी प्लास्टर भरायचीच पद्धत आहे. मी निळं केलं तेही तसंच भरलेलं. फक्त ते हाडापेक्षा थोडं फिकं ठेवतात, मागून येणाऱ्याला फरक कळावा म्हणून. हा कारागीर जरा जास्तच चांगला निघाला. त्यानं रंगही जुळवला. आणि डोळ्यांपुढची जागा भरायची तर काहीतरी समोर ठेवायला हवं ना? त्यानं आजच्या चष्मेवाल्या केमनची कवटी समोर ठेवली असणार. त्यानं तिच्यासारखा कंगोरा घडवला. मग तू आलीस, आणि हा कंगोरा थेट आजच्यासारखा आहे म्हणून हरखलीस. तो तसा असणारच होता. आता मला एक सांग. प्रत्येक हाड तू भिंगाखाली पाहिलंस. कंगोरा का नाही पाहिलास?"

तिने भिंग टेबलावर ठेवले. मग हळूच म्हणाली, "तो मला हवा होता."

गुरूंनी मान डोलावली. रागाचा लवलेशही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. "माथ्यावरची मागची दोन भोकं अस्सल हाडातली आहेत. केमनांत असतात तशीच आकसून लहान झालेली. म्हणजे हा केमनांच्या गोतावळ्यातला, हे टिकतं. कुठल्या फांदीवरचा, ते ही कवटी सांगत नाही." ते उठले आणि पाण्याचे भांडे तिच्याजवळ ठेवले. "रंग राहू द्यायचा की पुसायचा, तू ठरव. अभ्यास तुझा आहे. मी सभेत एक शब्द बोलणार नाही."

आणि ते घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी लोक जमले. टेबलावरची चादर शिष्येने स्वतः दूर केली. कवटीवरचा कंगोराही आता निळा होता, तिने स्वतःच्या हाताने रंगवलेला.

"अरे देवा!" व्यापारी पुढच्या रांगेतून उठलाच. "रंगपंचमी खेळलात की काय हिच्याशी?"

सभेत हशा पिकला. शिष्या थांबली, हसणे ओसरू दिले. मग तिने निळ्या कंगोऱ्यावर बोट ठेवले आणि तो कसा आला, तो पाहून तिने काय मानले आणि ते का मागे घ्यावे लागले, ते सगळे सांगितले. सुरुवातीला आवाज कापत होता. माथ्यावरच्या दोन भोकांपर्यंत ती आली तोवर तो कापायचा थांबला होता. नवी जात जाहीर झाली नाही. नावही ठेवले गेले नाही.

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "पोरी, मग माझ्या आजोबांनी इतक्या लांबून आणलं तरी काय?"

"जेवढं निळं नाही, तेवढं सगळं," ती म्हणाली.

तो टेबलापाशी आला. कवटीभोवती सावकाश एक फेरी मारली, मग खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि माथ्यावरच्या त्या दोन लहान भोकांवर वाकला. मागच्या रांगेत बसलेले गुरू, ठरल्याप्रमाणे, एक शब्दही बोलले नाहीत.

आपल्याला ज्या गोष्टींची फार खात्री वाटते, त्यांतला निळा भाग आपण स्वतः रंगवावा. दुसऱ्या कुणी येऊन रंगवेपर्यंत थांबू नये.