होळीतून काढलेली बाज

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती, ते विचारू नये. तेव्हा कुसळवाडीला रस्ता नव्हता. खिंडीतून पायवाट होती, आणि ती एका बैलापुरती होती.

त्या काळी गावात म्हाळसा नावाची सुतारीण राहत होती. नवरा लवकर गेला. त्याचा लाकूड तासायचा वाकस आता भिंतीला टांगून ठेवावा, बाईने तो हातात धरू नये, असं भावकीचं म्हणणं पडलं. तिने तो टांगला नाही. धार लावली आणि कामाला बसली. भावकी महिनाभर तिच्याशी बोलली नाही. मग भावकीतल्याच एकाच्या पाभरीचा दांडा मोडला. तेव्हा बोलली.

नवं लाकूड तिला मिळत नव्हतं. जंगलातून लाकूड आणायचं तर माणूस लागतो, बैल लागतो. तिच्याकडे दोन्ही नव्हतं. म्हणून ती मोडकं घेई. गाडीच्या फुटक्या चाकातून तिने पाळण्याची कमान काढली. वाळवी लागलेल्या दाराचा धड भाग कापून जेवायचे पाट केले. लोक लुगडं फाटलं की त्याचं चुलीपुढचं फडकं करत. ती म्हणे, "आधी मला दाखवा." लुगडं अंगात फाटतं, काठ मागे राहतो. ते काठ ती उसवून घेई, तिपदरी वळी, आणि त्यांनी बाज विणी. सुंभाची बाज चार वर्षांत झोळीसारखी लोंबते. तिची लोंबत नसे. तिच्या बाजेवर निजलेल्याला वाईट स्वप्न पडत नाही, असं म्हणतात.

पण गावात बाजा होत्याच कितीशा? लोक भुईवर निजत. पाटलाच्या घरी एक शिसवी पलंग होता, तो हलवायला सहा माणसं लागत. आणि मैपत कोळप्याच्या घरी म्हाळसाईने विणलेली एक अरुंद बाज होती. त्याची बायको ठकू नवव्या महिन्यात होती. आधीची दोन पोटातच गेली होती, म्हणून तिला भुईवर निजू द्यायचं नाही असं सासूने ठरवलं होतं.

शिमग्याची पुनव आली. बाळंतपण जवळ आलं म्हणून सासूने सकाळी बाज अंगणात काढली, ढेकूण जावेत म्हणून उन्हाला उभी केली, आणि वर बाळासाठी जमवलेलं जुनेर वाळत टाकलं. धोतरं, पटके, मऊ झालेली लुगडी. नव्या कापडात आपण मूल घेत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे.

होळीसाठी लाकडं चोरायची आमच्याकडे रीत आहे. त्या दिवशी कोणी कोणाला चोर म्हणत नाही. गावातले आठ तरणे गडी गल्लीतून निघाले. अंगणात बाज दिसली. टाकलेली आहे असं त्यांना वाटलं. जुनेरासकट उचलली आणि होळीच्या तळाला घातली. वर ओंडके रचले, गोवऱ्या रचल्या. दुपारी पाटलाने पूजा केली, भोवती सूत गुंडाळलं, नैवेद्य ठेवला. आता ते लाकूड होळीचं झालं. परत घेतलं तर गावाला वर्षभर अवकळा येते, असं म्हणतात.

आणि तेवढ्यात ठकूला कळा सुरू झाल्या.

गावची सुईण बयजा. तिने पोटावरून हात फिरवला आणि ती बाहेर येऊन उभी राहिली. मैपतला म्हणाली, "मूल आडवं आहे. माझ्या हातचं नाही हे. खिंडीपलीकडे धनगरवाड्यात म्हातारी आहे, तिलाच ते सरळ करता येतं. तिला चालवत नाही, तेव्हा हिलाच न्यावं लागेल. पण पाठ वाकता कामा नये. झोळीत घालून नेलीत तर दोघंही जातील."

मैपत अंगणात गेला. बाज नव्हती.

तो होळीपाशी धावत आला तेव्हा सगळं गाव तिथे होतं. त्याने सांगितलं आणि तो खालीच बसला. आठ गडी मान खाली घालून उभे राहिले. त्यांतला थोरला, तुळाजी त्याचं नाव, पुटपुटला, "बाहेर टाकलेली होती."

"ऊन दिलं होतं," मागून आवाज आला. म्हाळसाई आली होती. "ढेकणांना. तुला नव्हतं दिलं."

पाटील पुढे झाला. तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता. "म्हाळसे, पूजा झाली आहे. एका घरासाठी सगळ्या गावावर ओढवून घेऊ का? माझा पलंग ने."

"तुमचा पलंग खिंडीत अडकेल, पाटील. मग आम्हाला येताजाता त्याच्यावरून चढावं लागेल."

कोणी हसलं नाही.

"मी काढून घ्यायला आले नाही," ती म्हणाली. "बदलायला आले आहे. होळीला लाकूड हवं, ते मिळेल. तोलून घ्या."

"काय देतेस?"

"दार."

"कोणाचं?"

"माझं. दुसऱ्याचं दिलं तर ती चोरी. ती या आठ जणांनी केलीच आहे."

तिच्या घरात नव्या लाकडाची एकच वस्तू होती, ते दार. नवऱ्याने लग्नाच्या साली केलेलं, सागाचं. ती गेली, दाराची फळी चौकटीतून उचलून काढली, आणि पाठीवर घेऊन आली. ते दार दोन माणसांचं ओझं होतं. तिने एकटीने आणलं, असं म्हणतात.

गर्दीतला एक जण म्हणाला, "मग दारावरच न्या की तिला."

"फळीवर दगडाचा धक्का थेट पोटात जातो," म्हाळसाई म्हणाली. "विणलेल्यात तो मुरतो. तुझ्या बायकोच्या वेळी तू फळी घे."

पाटलाने दाराकडे पाहिलं. मग होळीकडे. मग त्याने स्वतःच्या हाताने सूत तोडलं.

बाज निघाली तेव्हा तिचा एक पाय मोडलेला होता आणि वीण मधोमध फाटली होती. ऊन देवळाच्या शिखरावर पोचलं होतं. म्हाळसाईने गाडीची खीळ ठोकून पाय जोडला. मग बायकांकडे वळली. "काठ द्या."

त्या काळी बाईकडे दोन लुगडी असत. एक अंगावर, एक वळणीवर. बायका घरोघर गेल्या आणि वळणीवरच्या लुगड्याचे काठ दाताने तोडून घेऊन आल्या. पाटलीणबाईंनी जरीचा दिला. म्हाळसाई विणत गेली. तिची बोटं दिसत नव्हती, नुसते रंग सरकताना दिसत होते, असं म्हणतात. उन्हाने शिखर सोडायच्या आत बाज पुरी झाली. वर जुनेर अंथरलं. दोन्ही बाजूंना वेळू बांधले.

"कोण नेतं?" मैपतने विचारलं.

"ज्यांनी आणली ते," ती म्हणाली. "आणि तुळाजी, तू पुढे."

ठकूला वर निजवलं. म्हाळसाईने तिच्या उशाशी पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आणि गड्यांना सांगितलं, "हा सांडला तर परत गावात येऊ नका."

माझ्या आजोबांचा आजा त्या आठांत होता. तो सांगायचा की खिंड चढताना त्याने डोळा तांब्यावरून काढला नाही. आणि थेंब सांडला नाही. सूर्य डोंगरावर येऊन टेकला आणि बाज खिंडीपार होईपर्यंत तिथेच थांबला, असं म्हणतात. मी सूर्याचं सांगत नाही. त्या दिवशी होळी उशिरा पेटली, एवढं मला माहीत आहे.

कारण गाव थांबलं होतं. निघताना तुळाजी म्हणाला होता, "ती सुटली तर खिंडीत गवत पेटवू." आता सगळे खिंडीकडे तोंड करून बसले. दार होळीवर ठेवलेलं होतं. पाटलाच्या हातात पलिता होता, तो त्याने विझू दिला. चंद्र वर आला. पोरंसोरं भुकेजली तरी कोणी रडलं नाही. शिमग्याला तोंडावर हात घेऊन बोंब मारायची, ती कोणी मारली नाही. मैपतची आई जमिनीवर बोटाने रेघा ओढत होती. म्हाळसाई वाकसाला दगड लावत होती. तेवढाच आवाज होता.

मग खिंडीत एक ठिपका लाल झाला. तो वाढला. गवत धडधडून पेटलं.

बयजा सुईण सगळ्यांत आधी उठली. "मोकळी झाली गं बाई," एवढंच म्हणाली आणि मटकन परत बसली. मग गावाने जी बोंब मारली, ती चार गावांत ऐकू गेली. पाटील म्हाताऱ्यासारखा रडला. त्या साली आमची पहिली होळी खिंडीत पेटली आणि दुसरी गावात.

दुसऱ्या दिवशी धुळवडीला आठ गडी बाज घेऊन परतले. ठकू बसलेली होती. मांडीवर मुलगी होती, जुनेरात गुंडाळलेली. आठही जण एकमेकांना सावकाश, सावकाश, असं दटावत होते. वाट सपाट होती तरी.

गावावर अवकळा आली नाही. त्या साली पाऊस वेळेवर पडला.

पाटलाने आपला शिसवी पलंग म्हाळसाईच्या दारी टाकला. ती म्हणाली, "मी पलंगावर निजत नाही." त्याचं तिने दार केलं. उरल्यातून तीन पाट केले आणि ते पाटलाकडे धाडून दिले.

ती कधी गेली, कोणी सांगत नाही. एका पुनवेला वाकस घेऊन खिंडीकडे चालत गेली, असं म्हणतात. तिची समाधी नाही. आम्हाला समाधीची गरज वाटली नाही.

आमची रीत मात्र आहे. होळीची पूजा झाली की आम्ही लगेच पेटवत नाही. गावातल्या बाया पुढे येतात आणि रचलेल्यातून हवी ती वस्तू काढतात. मोडका पाट, स्टुलाचा पाय, पेटीचं झाकण, फाटकी चादर. तिच्या जागी तेवढंच सरपण ठेवतात. कोणी अडवत नाही. गेल्या साली पाटलांच्या सुनेने खुर्ची काढली, तिचा आता देव्हाऱ्याचा चौरंग झाला आहे. बाज कोणी होळीला आणत नाही.

मग सर्वांत म्हातारा माणूस पुढे होतो. सध्या तो मी आहे. मी विचारतो, "गावात कोणी अडलेली आहे का?"

बाया गावातल्या पोटुशा मोजतात. एकमेकींना विचारतात. हल्ली खिंडीत डांबरी रस्ता आहे, गाडी येते, दवाखाना आहे. तरी मोजतात. मोजून होईपर्यंत सगळं गाव गप्प उभं राहतं.

मग त्यांच्यातली एक म्हणते, "सगळ्या मोकळ्या."

तेव्हा मी पेटवतो.