राजाचं एकोणतीस अक्षरी नाव

"माझं नाव नागडं छापलंस? बिरुदं कुठायत?" भडकोजीराजाने कागद धोंडाप्पाच्या तोंडावर फेकला.

धोंडाप्पा वाड्यातले प्रोग्रॅम लिहिणारा कारकून; त्याने मुकाट कागद उचलला. राजवाड्यातला कॉम्प्युटर राजाच्या आज्याच्या वेळचा, अन् त्याची भाषाही तेवढीच म्हातारी. कुठलंही नाव सहा अक्षरांत बसलं पाहिजे. सातवं दिसलं की मेला ठप्प! धोंडाप्पा बिचारा वर्षानुवर्षं प्रोग्रॅममध्ये 'भडकोजीराव' लिहून भागवत होता.

"महाराज, नवीन मशीन..."

"आज्याची मशीन बदलतोस? एक खिळा हलवायचा नाही! तुझ्या प्रोग्रॅममध्ये दर ठिकाणी नाव पुरं पाहिजे. 'श्रीमंत रणधुरंधर प्रजावत्सल राजाधिराज भडकोजीराव महाराज'! उद्या दुपारपर्यंत चाललं नाही, तर गाढवावर उलटा बसवून गावभर फिरवीन!"

एकोणतीस अक्षरं! आता बोला!

धोंडाप्पा घरी येऊन डोकं धरून बसला. त्याची लेक साळू राणीसाहेबांची दासी. बापाला भाकरी पोचवता पोचवता मशीनची भाषा शिकलेली. सगळं ऐकून ती फिसकन हसली.

"बाप गाढवावर चाललाय अन् हसतेस, भवाने?"

"आप्पा, तुम्ही नाव पुरं लिहा. शंभरदा लिहा. पुढचं माझ्याकडे!"

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. बाहेर गाढव तयार, बडवायला डबे तयार. राजाने प्रोग्रॅम चाळला. दर ओळीत एकोणतीस अक्षरं! मशीन घरघरली, खोकली, अन् कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या छापून मोकळी झाली. छापील कागदावरही नाव पुरं! "हे कसं जमलं?" राजाने विचारलं, तसं धोंडाप्पाने शेजारी उभ्या साळूला पुढे केलं.

"मशीनला हात लावलास, पोरी!"

"छे, महाराज! तिच्याच म्हाताऱ्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला अन् दारात बसवला. आप्पांचा कागद आधी त्याच्याकडे जातो. तुमचं लांबलचक नाव दिसलं की तो तिथं नुसतं 'राजा' घालतो, मग कागद आत सोडतो. उत्तर बाहेर येताना पुन्हा सगळी बिरुदं चढवतो."

"म्हणजे आत मी उघडाच? कुणाच्या हुकमानं?"

"रीत तुमच्याच वाड्याची, महाराज! दारात भालदार एकोणतीस अक्षरं ओरडतो. आत राणीसाहेब दोनच म्हणतात. तेवढ्यावर तुमचं काही अडतं का?"

राजा लालबुंद झाला. इतक्यात पडद्याआडून आवाज आला,

"अहो!"

"आलो, आलो!" राजा पगडी सावरत ताडकन उठला!

दरबारात हशा पिकला. राजा अर्ध्या वाटेत थांबला, त्याने डोकं खाजवलं, अन् तो पोट धरून हसला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने साळूला दिलं, वर मशीनच्या खोलीच्या किल्ल्याही दिल्या.

अन् धोंडाप्पा? तो गाढवावरून घरी गेला. सुलटा बसून, डोक्याला जरीचा फेटा बांधून!