वाघ जेवून गेले

एका गावात एक भोळा पिराजी होता. गाव रानाला खेटून. घरात तो आणि त्याची भागाआत्या. त्याचं लग्न काही केल्या जमेना, कारण पिराजीने तोंड उघडलं की पाहुणे चपला शोधायचे.

"चार बुकं वाच की रे, अक्कल येईल," आत्या म्हणाली.

पिराजीने शाळेतून लेकरांचं चित्रांचं पुस्तक आणलं. रानातली जनावरं काय खातात, कशी तगतात, सगळं त्यात होतं. तो बोट ठेवून ठेवून वाचायचा.

"उद्या कोल्हे यायलेत," आत्या एकदा म्हणाली. "पोरीचा बाप. नीट तयारीत राहा."

पुस्तकात होतं, कोल्हा कोंबड्या पळवतो. पिराजीने सगळ्या कोंबड्या डालग्याखाली कोंडल्या आणि काठी घेऊन शेजारी बसला. कोल्हे रश्श्याच्या आशेने आले आणि वरण खाऊन गेले.

"अरे येड्या, कोल्हे आडनाव हाय त्यांचं! पाहुण्याला कोंबडी द्यायची असती!"

"बरं," पिराजी म्हणाला.

मग मोरे आले. गळ्यात तुळशीची माळ. पिराजीने जिवंत कोंबडी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"गोड मानून घ्या. साप शोधला, पण मिळाला नाही."

मोरे उठले ते थेट नदीवर अंघोळीला गेले. आत्या रडकुंडीला आली.

"पुस्तक ठेव बाजूला! आडनाव कुठल्याबी जनावराचं असू दे, तो माणूसच असतो. हात जोड, बसा म्हण, जेवू घाल. परवा वाघ यायलेत. ही सोयरीक मोडली तर जन्मभर बिनलग्नाचा राहशील!"

पिराजी मनापासून घाबरला. त्याला लग्न करायचंच होतं.

त्या दिवशी रस्सा रटरटत होता. आत्या पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेली. तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला, "वाघ आला! वाघ आला!" धडाधड दारं लागली. पिराजीला गावाची लाज वाटली. पाहुण्याशी असं वागतात? त्याने दार सताड उघडलं.

वाघ आत आला. पट्टे, मिशा, शेपूट, सगळं होतं.

"बसा," पिराजी हात जोडून म्हणाला.

वाघ बसला. रस्सा चाटूनपुसून खाल्ला. जाताना आत्याची शेळी उचलली. पिराजीने मानपान समजून पुन्हा हात जोडले.

जरा वेळाने आत्या एका फेटेवाल्या गृहस्थांना घेऊन आली. "नमस्कार, मी वाघ," ते म्हणाले.

पिराजी दारात आडवा उभा राहिला.

"उशीर केलात, बाबा. वाघ मघाशीच जेवून गेले. मानाची शेळीबी घेऊन गेले. त्यांच्या पोरीला मी होकार दिलाय, आता शब्द फिरवता यायचा नाही!"