न फिरकलेली अकराशे माणसं

कृत्रिम पाय बसवून देणाऱ्या एका संस्थेत एकदा मोठी अडचण उभी राहिली. पाय बसवलेल्या प्रत्येक माणसाची मापं तिथं संगणकावरच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये नोंदवलेली असत. त्या प्रोग्रॅमचा एक नियम होता: फाइल दोन जीबीची झाली की पुढे एकही नवी नोंद घ्यायची नाही. एका मंगळवारी सकाळी उघडली, तर ती दोन जीबीची झालेली होती. शनिवारी शिबिर होतं आणि साठ नवी माणसं पायांची मापं द्यायला येणार होती.

नोंदी सांभाळणारी अनघा घाबरली. मग तिनं एक विचार केला, तिच्या मते अगदी शहाणपणाचा. गेल्या आठ वर्षांत जे एकदाही फिरकले नाहीत, त्यांची मापं ठेवून उपयोग काय? अशी अकराशे नावं निघाली. ती तिनं पुसून टाकली. पुसताना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पाय हवा असलेला माणूस दारात उभा असताना न येणाऱ्यांचं किती मनावर घ्यायचं?

नंतर तिनं फाइलीचा आकार पाहिला. तो तसूभरही कमी झाला नव्हता. अकराशे माणसं गेली आणि जागा काही मिळाली नाही. आता मात्र तिचं धाबं दणाणलं.

ज्यांनी ही नोंदपद्धती वीस वर्षांपूर्वी घालून दिली होती, ते भोईटे गुरुजी निवृत्त होऊन त्याच गावात राहत होते. अनघा हे काम त्यांच्याच हाताखाली शिकली होती. तिनं जाऊन केलं ते सगळं सांगितलं. गुरुजी रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते संस्थेत आले आणि आधी त्यांनी सर्वांना आपापल्या संगणकावरची ती फाइल बंद करायला लावली. मग अनघानं नावं पुसलेली फाइल त्यांनी बाजूला सारली आणि सोमवारी संध्याकाळी काढून ठेवलेली प्रत समोर घेतली. तीत अकराशेच्या अकराशे नावं जागच्या जागी होती.

अनघा बुचकळ्यात पडली. हवी आहे मोकळी जागा, आणि गुरुजी काठोकाठ भरलेली फाइल घेऊन बसलेत! पण विचारायचा धीर होईना. गुरुजी शांतपणे काम करत राहिले. प्रत्येक नोंदीत पायाचे फोटो डकवलेले होते. ते सगळे त्यांनी बाहेर काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले आणि नोंदीत फक्त फोटो कुठे आहे तेवढं राहू दिलं. शेवटी फाइल कॉम्पॅक्ट केली, म्हणजे काढून टाकलेल्या गोष्टींनी आत अडवलेली जागा सोडवली. संध्याकाळी ती फाइल ऐंशी एमबीची झाली होती आणि तिच्यातून एकही माणूस गेला नव्हता.

मग गुरुजी म्हणाले, "अनघा, नुसतं पुसलं की जागा सुटत नाही. नाव जातं, पण फाइल त्याची जागा धरून बसते. आणि ओझं माणसांचं नव्हतंच गं. एकाचं माप म्हणजे चार ओळी. जड होते ते फोटो."

"हे मला कळायला हवं होतं, गुरुजी."

"ते येईल सवयीनं. मला सांग, ही माणसं आठ वर्षं का आली नसतील?"

अनघा म्हणाली की विसरली असतील, काही वारलीही असतील.

"काही वारली असतील. पण बाकीच्यांचा पाय नीट बसला, म्हणून ती आली नाहीत. दर दोन महिन्यांनी येतात ना, त्यांची मापं आपण चुकलो. तू पुसलीस ती आपली बरोबर आलेली मापं."

शनिवारी साठ नवी माणसं त्या फाइलीत सहज मावली. एखाद्या पायाच्या मापाबद्दल शंका आली, की अनघा कारागिराला त्या न फिरकलेल्यांपैकी कुणाची तरी नोंद काढून दाखवू लागली.

जागा करायची वेळ आली की आपणही तक्रार न करणाऱ्यांनाच आधी पुसतो, एवढं ध्यानात ठेवावं.