भिवराची पेंड

"हे गोठ सोन्याचे आहेत असं तुला सांगितलं कुणी?"

नरसूशेट सराफाने कसोटीच्या दगडावरची रेघ अंगठ्याने पुसली आणि भिवरा तेलिणीकडे इतक्या दयेने पाहिलं, की आपलंच काहीतरी चुकलं असं तिला क्षणभर वाटून गेलं.

सोन्याचे नाहीत तर कशाचे? सासूने जाण्याआधी ते गोठ स्वतःच्या मनगटातून उतरवून तिच्या हातात घातले होते. चांगले भरीव, हाताला जड. पण शेटचं म्हणणं निराळं. वर नुसता सोन्याचा पत्रा, आत तांबं आणि लाख. शिवाय मळ वजा, डाग वजा, घट वजा. ही वजाबाकी ऐकता ऐकता भिवराला भीती वाटू लागली, की अजून थोडा वेळ थांबलो तर आपणच शेटचं देणं लागू.

शेटच्या दुकानातून बाहेर पडताना सोनं बावनकशी असायचं. तेच सोनं विकायला पुन्हा त्या पायऱ्या चढलं की हिणकस व्हायचं. चार पायऱ्यांत सोन्याला एवढं काय होतं, हे कोडं अख्ख्या डोंगरखेड संस्थानाला पडलेलं होतं.

पण विचारणार कोण? मागे दोन सराफ कसोटीवरून भर दरबारात भांडले आणि महाराजांचं डोकं उठलं. त्यांनी दवंडी पिटवली : यापुढे संस्थानात सराफ एकच, नरसूशेट. सोन्याबद्दल त्याचा शब्द अखेरचा, आणि त्यावर शंका घेईल त्याचं घरदार जप्त. महाराज एकदा बोलले की बोलले. दुसऱ्या दिवशी डोकेदुखी थांबली, पण दवंडी राहिली.

भिवराला विकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. घाण्याचा बैल मेल्यापासून तिचा नवरा राघू स्वतःच्या खांद्यावर जू घेऊन घाण्याभोवती फिरत होता. येणारेजाणारे त्याला मुद्दाम कडबा दाखवत. राघूही हसून मान हलवी. संध्याकाळी त्याच्या सोललेल्या खांद्याला तेल चोळताना भिवराला मात्र रडू आवरत नसे. आणि शेट देत होता त्या पैशात बैल सोडाच, बैलाची झूलही आली नसती.

ती गोठ घेऊन उठली ती थेट दरबारात गेली. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. ते म्हणाले, "माझ्या सराफाचा शब्द खोटा न ठरवता तुझ्या गोठांचं पुरतं मोल मिळवता येत असेल तर मिळव. नाही जमलं तर तुझा घाणा सरकारजमा."

दरबारी गालात हसले. भिवराने पदर खोचला.

"म्या कुठं म्हनलं शेट खोटं बोलत्यात म्हनून? त्यांनी फकस्त एकदा सरकारांच्या म्होरं सांगावं, सोनं किती न् बाकीचं किती."

नरसूशेटला बोलावणं गेलं. महाराज ऐकताहेत म्हटल्यावर त्याला अधिकच जोर चढला. बेलभंडारा उचलून त्याने शपथेवर सांगितलं, की तीन भागांत एक भाग सोनं, उरलेले दोन भाग निव्वळ तांबं आणि लाख. ह्यात तिळाचाही फरक निघायचा नाही.

"कबूल हाय," भिवरा म्हणाली. "त्या एका भागाचं पैसं द्या."

शेटने तिथल्या तिथे पैसे मोजले. इतक्या सहज सौदा पटेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने गोठांना हात घातला, पण भिवराने आपला हात काढला नाही.

"शेट, दिवाळीला तुम्ही आमच्या घान्यावर तीळ गाळून नेलं. तेल नेलंत, आन् पेंड राहिली म्हनून गडी माघारी धाडलात. ज्याचं तीळ, त्याची पेंड, असंच म्हनला व्हता ना?"

"म्हणालो होतो. त्याचं इथे काय?"

"तुम्ही सोन्याचं पैसं दिलं, सोनं न्या. तांब्या-लाखंचं दिलं न्हाईत. माझी पेंड मला द्या."

शेटचा चेहरा उतरला. एवढंच ना, म्हणून तो दुकानातून चौपट तांबं आणि टोपलीभर लाख पाठवायला निघाला. भिवरा म्हणाली, लोकाची पेंड मला नको, माझ्याच गोठांतली पाहिजे.

महाराजांना एव्हाना गंमत वाटू लागली होती. त्यांनी शेगडी आणि मूस मागवली. गोठ वितळले. लाखेचा धूर निघाला नाही की वास आला नाही. मुशीतून गोळा बाहेर आला तो हळदीसारखा पिवळाजर्द. त्याचे सारखे तीन भाग झाले. एक शेटपुढे ठेवला, दोन भिवरापुढे.

"महाराज, हे सोनं आहे!" शेट ओरडला.

"तू तर तांबं म्हणाला होतास," महाराज शांतपणे म्हणाले. "तुझ्या शब्दावर शंका घेईल त्याचं घरदार जप्त. आता तुझी तुलाच शंका येते आहे का?"

शेटने आपला दुमजली वाडा डोळ्यांपुढे आणला. "नाही महाराज. तांबंच आहे."

"मग मलाच हवं आहे हे तांबं. बाई, भाव काय लावतेस?"

"नरसूशेटच्या दुकानात सोन्याचा असंल त्योच, सरकार," भिवरा म्हणाली. "पर शेट घेताना लावत्यात त्यो न्हाई. इकताना लावत्यात त्यो."

महाराज पोट धरधरून हसले. आता हसणं भागच होतं म्हणून नरसूशेटही हसला. त्याच भावाने भिवराला पैसे मिळाले, वर सरकारी गोठ्यातला एक खिल्लारी बैल मिळाला. आणि कासरा धरून तो भरबाजारातून तेल्याच्या घाण्यापर्यंत पोचता करण्याची कामगिरी नरसूशेटला मिळाली.