कोतवालाने सोडलेली नोकरी

मुलांनो, एका माळरानावर बाभळीच्या झाडात एक कोतवाल पक्षी राहत असे. काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा, अंगाने एवढासा. पण कावळा असो की शिक्रा, बाभळीजवळ फिरकला की हा त्याच्या टाळक्यात चोच मारून त्याला पिटाळून लावी. म्हणून बुलबुल आणि होले त्याच्या शेजारी निर्धास्तपणे घरटी बांधत. एकदा सिंहाचा कारभारी कोल्हा तिथे आला. महाराजांना राज्यासाठी खराखुरा कोतवाल हवा आहे, बसायला उंच साग मिळेल आणि साऱ्या रानावर नजर ठेवायची, असे त्याने सांगितले. कोतवालाची छाती फुगली. एवढ्याशा बाभळीवर आपले गुण वाया जातात, असे त्याला अलीकडे वाटूच लागले होते. आपली जागा दुसऱ्या एका कोतवालाच्या हवाली करून, सगळ्यांचा निरोप घेऊन तो मोठ्या ऐटीत निघाला.

तिथला प्रकार मात्र निराळाच होता. सिंह दिवसभर गुहेपुढे लोळत पडे. मधूनच एक डोळा किलकिला करून विचारी, "सगळं कुशल आहे ना?" कोतवालाने मान लववून "कुशल आहे, महाराज" म्हणायचे. झाले काम! उरलेल्या वेळात महाराजांच्या नाकावरच्या माश्या हाकायच्या. रानात फेरी कधी मारायची, असे त्याने कोल्ह्याला विचारले, तर कोल्हा म्हणाला की नवीन आहेस, जरा दमाने घे. पुन्हा विचारले, पुन्हा तेच. कोतवाल पार वैतागला. बडा घर, पोकळ वासा, असे तो मनाशी पुटपुटे. पण एवढ्या थाटात आलेला, आता परत कोणत्या तोंडाने जायचे? म्हणून चरफडत तिथेच बसून राही.

एका सकाळी सागावरून त्याला दिसले, की एक तरस गवतातून चितळाच्या पाडसाकडे सरकत आहे. कोतवाल जिवाच्या आकांताने ओरडला. चितळीने कान टवकारले आणि पाडसाला घेऊन ती उधळली. पाडस थोडक्यात वाचले. पण महाराजांची झोपमोड झाली. कोल्हा लालबुंद होऊन धावत आला. तरस आला तर आला, कुशल आहे एवढेच म्हणायचे तुझे काम, असे त्याने बजावले.

"मग मला कशाला आणलंत? एखादा पोपट पुरला असता," कोतवाल म्हणाला.

"पोपटाला कोतवाल कोण म्हणेल?" कोल्हा शांतपणे म्हणाला. "आम्हाला तुझं नाव हवं होतं."

कोतवालाने सांगितले, की मी निघालो. कोल्ह्याने डोळे मिचकावले. एवढ्यात परतलास तर सगळे हसतील, असे तो म्हणाला.

"हसू देत. इथे बसून मलाच माझं हसू येतंय," कोतवाल म्हणाला. इतक्यात सिंहाने जांभई देत नेहमीचा प्रश्न विचारला. कोतवालाने मान न लववता उत्तर दिले, "नाही, महाराज. तरस अजून गवतातच आहे." आणि तो उडाला.

बाभळीवर आता दुसऱ्या कोतवालाचा संसार होता. तिथे जागा मागणे त्याला बरे वाटले नाही. दोन-चार पाखरे त्याला पाहून हसलीही. ते ऐकून न ऐकल्यासारखे करून तो पुढे गेला आणि ओढ्याकाठच्या एका ओसाड पळसावर बसला. काही दिवसांनी एक हळद्या पक्षीण तिथे आली. तिने विचारले, की तुम्ही इथे राहणार आहात, की जाणार आहात? तो म्हणाला, की राहणार आहे. दुसऱ्या दिवशी ती चोचीत गवताची काडी घेऊन आली.

तात्पर्य : जिथे आपले नाव हवे असते पण काम नको असते, तिथे लाजेखातर कुढत बसू नये, चार जण हसले तरी चालेल, वेळीच निघावे.